तीन अंश बाहेर

अडतीस वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर उभा राहिलो,
वाकडं काही हातून गेलं नाही.
म्हणून दोन इंजिनांचं विमान केलं तेव्हा
दोन्ही ओळंब्यात धरल्यासारखी बसवली,
समांतर, केसाचा फरक नाही.

लांजेवार म्हणाला, "असं नको करू बे.
दोघांची तोंडं थोडी बाहेर फिरव."
मी म्हणालो, "काहून? भांडले का ते?"

कामठी रोडमागच्या पडीत
तिसऱ्या फेरीला डावं इंजिन गचकलं.
उजवं इमानानं ओढत राहिलं,
इमानानंच घात केला.
विमान मेलेल्या अंगावर वळलं,
वळता वळता उलटं झालं
आणि बाभळीत गेलं.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढतात,
जोडीतल्या एकाचं चाक अडलं
की दुसरा त्याच्याभोवती गरकन फिरतो.
दरवर्षी पाहत होतो.
पाहत होतो, एवढंच.

लांजेवार काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.
तुटका पंख उचलून माझ्या हातात दिला,
लुनाचं पायडल मारलं, इतवारीकडे गेला.
त्याला चार वर्षं झाली.

यंदा मे महिन्यात पुन्हा मांडलं.
बाल्साचा भुसा उडतो म्हणून कूलर बंद केला,
पारा पंचेचाळीस, आतून बेबीनंदा ओरडली.
इंजिनाच्या दांड्याला दोरा बांधून मागे ताणला:
तोंड सरळ असलं की दोरा
वजनाच्या मध्यापासून वीतभर लांबून जातो.
वीतभर लांबून ओढणारा कुणीही फिरवणारच.
तोंड बाहेर केलं की दोरा तिरपा होत
मध्याच्या जवळ सरकतो.
थोडा. फार नाही.

आतल्या बाजूच्या बोल्टांखाली वायसर, दोन-दोन.
बाहेर वळवायचं तर उचल आतून द्यावी लागते.
उजव्याला अर्धा अंश जास्त,
कारण दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरतात
आणि विमानाला डावीकडे ओढ असतेच.
नाक एक अंश खाली.
जन्मात पहिल्यांदा मुद्दाम वाकडं केलं.
तीनदा मोजलं. हात मानेना.

रविवारी सहाला, ऊन तापायच्या आत, पडीत गेलो.
दोन्ही सुरू केली की आधी हेलकावा ऐकू येतो,
घूं… घूं… घूं…
एक जरा पुढं, एक जरा मागं.
सुई थोडी थोडी फिरवत जायचं.
हेलकावा लांबतो, आणखी लांबतो,
मग मिटतो, आणि एकच आवाज उरतो.

तो एकच आवाज चालू होता तेव्हा
पाठीमागे लुना थांबली.
त्याला कुणी सांगितलं, विचारलं नाही.
मी माझ्या बाजूचं आभाळ पाहिलं,
तो दहा पावलांवर त्याच्या बाजूचं पाहून राहिला.

उंची घेतली आणि डावं तोडलं. मुद्दाम.
आवाज निम्मा झाला.
विमानानं मान डावीकडे टाकली,
मागून हाक आल्यावर माणूस बघतो तेवढीच.
रडरला नुसतं बोट लावलं.
मग ते एका इंजिनावर
कोराडीच्या धुराड्यांच्या दिशेनं
सरळ निघून गेलं, आणि सांगितल्यावर परत आलं.

उतरलं तेव्हा थांबलेला पंखा उभाच्या उभा होता.
लांजेवार आला, गुडघ्यावर बसला,
इंजिनामागे बोट घालून चाचपलं.
भाजत होतं, तरी लगेच काढलं नाही.

"वायसर किती?"
"दोन."
"तिसरं मावते."
"मावते," म्हणालो.
"मंग? सातचा पाना कुठं हाय?"

पाना स्कूटरच्या डिक्कीत होता.
आणायला मी जरा पळतच गेलो.